घर, आहे त्या स्थितीत

नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही दैनिकाचे आतले पान उलटले की बारीक टाइपातली एखादी जाहीर नोटीस दिसतेच. कर्जदाराचे नाव, जामीनदाराचे नाव, गट नंबर, प्लॉट नंबर, चतुःसीमा, राखीव किंमत, आणि तळाशी एक वाक्य: मालमत्ता ‘जेथे आहे, जशी आहे, जे काही आहे’ या तत्त्वावर विकली जाईल. खासगी व्यवहारात हेच वाक्य खरेदीखतात येते. सदर घर खरेदी घेणाऱ्याने समक्ष पाहून, आहे त्या स्थितीत पसंत करून घेतले आहे, असा त्याचा साचा. रजिस्ट्रीच्या दिवशी दस्त वाचून दाखवणारा या ओळीवर थांबत नाही आणि घेणाराही थांबत नाही. शेजारच्या घरापेक्षा हे घर चार-पाच लाखांनी स्वस्त मिळते आहे, एवढ्यावरच त्याचे लक्ष असते.

ते चार-पाच लाख कशाचे, हे सांगण्यासाठी हा लेख. घरातले दोष शोधण्याचे काम आणि न सापडलेल्या दोषांचा खर्च, दोन्ही त्या एका ओळीने घेणाऱ्याच्या पदरात पडतात. त्या कामाची मजुरी म्हणून किंमत उतरते. काम नीट केले तर सूट पदरात राहते. न केले तर तेवढीच रक्कम, कधी तिच्या दुप्पट, पुढे दुरुस्तीत किंवा कोर्टात जाते. आणि हे काम नांदेड-लातूरला पुण्या-मुंबईपेक्षा वेगळे आहे, कारण इथली माती वेगळी, इथल्या भिंती वेगळ्या आणि इथले कागदही वेगळे.

आधी कायद्याचे पाहू, कारण दोन्ही बाजूंना गैरसमज असतात. विकणाऱ्याला वाटते, ‘आहे त्या स्थितीत’ लिहिले की आपण सुटलो. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा आहे आणि त्याचे कलम ५५ आजही लागू आहे. मालमत्तेतला किंवा मालकीतला एखादा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजीने पाहिले तरी तो त्याला दिसला नसता, तर तो दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. हे बंधन ‘याविरुद्ध करार नसेल तर’ लागू होते, म्हणून तर खरेदीखतात ती ओळ घातली जाते. पण त्याच कलमाच्या शेवटी कायद्याने स्पष्ट म्हटले आहे की असा दोष न सांगणे ही लबाडी आहे. म्हणजे उघड दिसणारी ओल, फुटलेली फरशी, गंजलेला जिना हे सगळे घेणाऱ्याच्या डोळ्यांवर सोडलेले. कोणालाच माहीत नसलेला दोष हाही बहुतेक घेणाऱ्याच्याच नशिबी. जाणूनबुजून लपवलेला दोष मात्र त्या ओळीखाली झाकला जात नाही. अर्थात विकणाऱ्याला तो माहीत होता हे सिद्ध करायचे काम घेणाऱ्याचेच, आणि दिवाणी कोर्टात त्याला वर्षे जातात.

नव्या प्रकल्पात फ्लॅट घेणाऱ्याला रेरा कायद्याने ताब्यापासून पाच वर्षे बांधकामातल्या दोषाची हमी दिली आहे. वीस-तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या, हातोहात विकल्या जाणाऱ्या घराला ती हमी नाही. तिथे आपले आपणच पाहायचे.

मग पाहायला कुठून सुरुवात करायची? मी म्हणेन, पायाखालून. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांनी जमिनीचे दोन भाग केले होते: काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. गावठाणाला आजही कित्येक गावांत पांढरीच म्हणतात. या विभागणीत केवढे स्थापत्यज्ञान होते, हे काळीवर घर बांधल्यावर कळते. आपल्याकडची काळी माती काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या झिजेतून झाली. तिच्यातल्या चिकणमातीचे, मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचे, कण पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आकसतात. चैत्र-वैशाखात शेतात पाय जाईल अशा भेगा पडतात आणि मृगात त्या मिटतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. घराखालची मातीही तेच करते. फरक इतकाच की घराच्या मधोमध असलेली माती झाकलेली राहून ओलसर असते आणि कडेची माती दरवर्षी वाळते, भिजते, पुन्हा वाळते. कडा खचतात-उचलल्या जातात, मध्य जागेवर राहतो, आणि भिंत त्या ओढाताणीत चिरते.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत दोन्ही शहरे पांढरी सोडून काळीवर पसरली. लातूरला औसा रोड, बार्शी रोड, अंबाजोगाई रोडच्या बाजूंनी, नांदेडला तरोडा, पावडेवाडी, मालेगाव रोडकडे जिथे काल ज्वारी-कापूस होता तिथे आज कॉलन्या आहेत. तिथल्या ज्या घराचा पाया मुरूम लागेपर्यंत खोदून भरला ते टिकते. ज्याचा पाया तीन-चार फुटांवर काळ्यातच थांबला, ते दरवर्षी माणसासारखे श्वास घेते. अशा मातीसाठी तळाशी फुगीर असलेल्या खोल काँक्रीटच्या खुंट्यांचा पाया रूडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने रूढ केला. हा पाया साडेतीन मीटरच्या आसपास, ओलावा बदलत नाही त्या थरापर्यंत, उतरतो. पण खासगी घरांना तो क्वचितच घातला जातो, कारण तो दिसत नाही आणि दिसत नाही त्याला पैसे मोजायला मालक तयार नसतो.

म्हणून काळीवरचे घर दोनदा पाहावे. एकदा मे महिन्यात, एकदा भर पावसाळ्यात. उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर चढलेली, बोटाचे नख जाईल एवढी भेग आणि आषाढात तीच भेग केसाएवढी झालेली दिसली, तर दोष मातीचा आहे. गिलावा करून तो जाणार नाही. पावसाळ्यात दरवाजा चौकटीत अडकतो का, हे पाहावे. व्यवहाराला घाई नसेल तर भेगेवर काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवून तिच्यावर तारीख लिहून ठेवावी. भिंत हलत असेल तर पट्टी तडकते, जुनी थांबलेली भेग असेल तर ती शाबूत राहते. ही युक्ती जुनी आणि फुकटची आहे. घराच्या एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर त्या भिंतीवर बोटाची गाठ वाजवावी. गिलावा आतून सुटला असेल तर आवाज पोकळ येतो. भिंतीला चिकटून लावलेली मोठी झाडे, भिंतीलगत साचणारे सांडपाणी आणि न बांधलेली गटार, हेही पाहून ठेवावे, कारण कडेच्या मातीचा ओलावा तेच बदलतात.

पांढरीवरच्या जुन्या घराची गोष्ट निराळी. नांदेडच्या जुन्या वस्तीत, लातूरच्या गावभागात, औसा, उदगीर, कंधार, देगलूर या कसब्यांत दगडमातीचे वाडे अजून उभे आहेत आणि त्यातले कितीतरी विकायला आहेत, कारण पुढची पिढी पुण्याला गेली. ढेलज, चौक, ओसरी, सागवानी खांब हे पाहून मन ओढ घेते. तिथे जमीन घट्ट असते, पण जमिनीच्या आत काय आहे ते विचारावे लागते. धान्य साठवायला पांढरीत पेवे काढायची रीत होती. वापर थांबल्यावर कित्येक पेवे नुसती वरून झाकली गेली. वाड्यातला आड बुजवून त्यावर खोली बांधल्याची उदाहरणेही आहेत. असे पेव किंवा आड पहिल्या मोठ्या पावसात खचतो आणि वरची फरशी घेऊन जातो. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर हे नोंदलेले नसते. गल्लीतल्या ऐंशी वर्षांच्या आजींना मात्र ते आठवते. त्यांच्याकडे जाऊन चहा घ्यावा आणि विचारावे.

त्या घराचे छप्पर म्हणजे माळवद. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पांढरी माती. उन्हाळ्यात ते घर गार राहते, याला तोड नाही. पण गळती थांबवायला दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकली जाते आणि जुनी क्वचितच काढली जाते. आजोबांच्या वेळी वीतभर असलेली माती नातवाच्या काळात दोन फुटांवर जाते. हे ओझे कुणाच्या डोक्यावर होते, हे लातूर-धाराशिवच्या लोकांनी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक झोपले होते. चार वाजायला काही मिनिटे असताना किल्लारीजवळ ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि अधिकृत आकड्यांनुसार जवळपास आठ हजार माणसे गेली. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि त्यात एवढी माणसे जात नाहीत. इथे माणसे घरांनी मारली. दोन-अडीच फूट जाडीची भिंत म्हणजे बाहेरून एक दगडी पदर, आतून एक पदर, मध्ये चिपा आणि माती. दोन पदरांना एकत्र शिवणारे आरपार दगड नव्हते. हादऱ्याने पदर सुटले, भिंत फुगून फुटली आणि वरचे मातीचे छप्पर खाली आले. ज्या घरांत माळवदाचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होता, त्यातल्या बऱ्याच घरांत भिंती पडल्या तरी चौकट उभी राहिली आणि माणसे वाचली.

त्या वेळी हा भाग देशाच्या भूकंप नकाशात सर्वांत सुरक्षित मानलेल्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात आला. नांदेडकरांनीही हे दुसऱ्याचे दुखणे समजू नये. २००६-०७ च्या सुमारास नांदेड शहराखालीच लहान धक्क्यांची मालिका सुरू होती, आणि २१ मार्च व १० जुलै २०२४ ला शेजारच्या हिंगोलीत झालेले ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेडात लोकांना रस्त्यावर घेऊन आले. म्हणून दगडी घर घेताना तीन गोष्टी पाहिल्याशिवाय किंमत बोलू नये. भिंत कुठे पोट काढून फुगली आहे का, हे ओळंबा सोडून पाहावे. माळवदाचा भार खांबांवर आहे की भिंतीवर, आणि वर माती किती आहे, हे शिडी लावून पाहावे. तुळईची टोके जिथे भिंतीत जातात तिथे दाभण टोचून पाहावे. ते लोण्यात गेल्यासारखे आत गेले तर वाळवीने किंवा ओलीने लाकूड खाल्ले आहे. भूकंपानंतर सरकारने दुरुस्ती व बळकटीकरणाचा मोठा कार्यक्रम घेतला होता: भिंतींत आरपार दगडांऐवजी काँक्रीटचे खुंटे, दारा-खिडक्यांच्या वरून फिरणारा सलग काँक्रीटचा पट्टा, माळवदावरची जास्तीची माती उतरवणे. ज्या घरात हे झाले आहे त्याला चार पैसे जास्त मोजावेत. ज्या घरात झालेले नाही तिथे त्याचा खर्च किमतीतून वळता करावा.

यासाठी शंभर प्रश्न विचारणारा व्यावसायिक घर-तपासनीस परदेशात मिळतो, आपल्याकडे ती पद्धत रुजलेली नाही. आपल्याकडे एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि एक जुना गवंडी, अशी जोडी न्यावी. इंजिनिअर कॉलम-बीम, स्लॅबचा गंज, पाया यांचा अंदाज देईल. गवंडी एका नजरेत सांगेल की दगडाला चुना आहे की चिखल. दोघांचे मानधन मिळून घराच्या किमतीच्या अर्ध्या टक्क्याच्या आत बसते, आणि तरीही माणसे ते वाचवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पाण्याचे थोडक्यात. लातूरला १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाच लाख लिटर पाणी आले. त्या उन्हाळ्यात कोणत्या गल्लीत टँकर येत होता आणि कोणाचे बोअर चालू होते, हे तिथले सगळे सांगू शकतात. ‘बोअर आहे’ या उत्तराने समाधान मानू नये. किती फूट, मोटार कितीवर सोडली आहे आणि मे महिन्यात किती मिनिटे चालते, हे विचारावे. नांदेडला प्रश्न उलटा. गोदावरीकाठच्या घराबाबत निळ्या आणि लाल पूररेषेची चौकशी करावी. साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत बांधकामाला बंदी असते, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी असतात. निळीच्या आतले घर स्वस्तच मिळते, आणि ते पुन्हा बांधायची परवानगी मिळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी नदीच्या पाण्याने गावे बुडाली, तेव्हा घरात पाणी शिरले ते रात्रीच्या अंधारात. भिंतीवरची पुराची खूण रंगाने झाकता येते. पण जवळच्या देवळाच्या किंवा दर्ग्याच्या ओट्यावर ती सहसा राहते.

आता कागद. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठवाड्यात घर पडण्यापेक्षा कागद पडण्याने बुडालेली माणसे जास्त भेटतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता आणि सरकारी कारभार उर्दूत चालत असे. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यातच होतो. त्यामुळे वाड्याचा मूळ दस्त म्हणजे ‘बैनामा’ उर्दूत असू शकतो आणि जमिनीचा मूळ १९५४-५५ च्या खासरा पत्रकात शोधावा लागतो. हे वाचणारी माणसे कमी होत चालली आहेत. पण ज्या जागेचा मूळ शब्द ‘मदतमाश’ किंवा ‘खिदमतमाश’ असा निघतो, ती इनामाची जमीन असते. हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा १९५४ चा. त्यानुसार अशा बहुतेक जमिनींच्या हस्तांतरणावर अटी आल्या. देवस्थानाच्या जमिनीला तर त्याहून कडक. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ दिसले की जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नये. त्यावर कॉलनी उभी राहून तीस वर्षे झाली, पाचशे घरे झाली, तरी तो शेरा आपोआप पुसला जात नाही. वक्फ नोंदीचीही अशीच चौकशी करावी.

गुंठेवारीचे घर हा दुसरा मोठा प्रकार. शेताचे तुकडे पाडून, बिनशेती न करता, शंभर रुपयांच्या बाँडवर नोटरी करून विकलेले प्लॉट दोन्ही शहरांत हजारोंनी आहेत. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये आला आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटना त्यात जागा मिळाली. विकणाऱ्याकडे महापालिकेचे गुंठेवारी नियमितीकरणाचे पत्र असेल तर प्रश्न बराच सुटतो. नसेल तर तो खर्च आणि ती खटपट आपली. नोटरीवर घर कधीही आपले होत नाही. मुखत्यारपत्र आणि नोटरी करारनाम्याने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात ठणकावून सांगितले आहे. गावातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवला जातो. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक निघाले असेल तर ते मागावे. किल्लारी परिसरातल्या पुनर्वसित गावात घराचा कबाला, म्हणजे मालकीचा कागद, विकणाऱ्याच्या नावावर आहे का, हे पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

आणि बहिणींची सही. वडिलोपार्जित घर तीन भाऊ मिळून विकतात, चौथी बहीण देगलूरला दिलेली असते, तिला कोणी विचारत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली. मुलीचा हक्क जन्मानेच आहे आणि त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी तेवढी अबाधित. ‘आमच्याकडे बहिणी हिस्सा मागत नाहीत’ हे वाक्य मी अनेक सौद्यांत ऐकले आहे. मागत नसतील तर चांगलेच. मग त्या खरेदीखतावर सही करतील किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र देतील. दोन्ही नसेल तर ते घर ‘आहे त्या स्थितीत’ म्हणजे एका हक्कदाराला वगळून विकले जात आहे. नोंदणी विभागाकडची सूची क्रमांक दोन संगणकावर पाहता येते. तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा आणि स्थानिक पेपरात आक्षेपाची जाहीर सूचना द्यावी.

शेवटी त्या बारीक टाइपातल्या नोटिशीकडे परत येतो, कारण लिलावाचे घर हा या ओळीचा सर्वांत शुद्ध प्रकार आहे. बँक तिथे मालक नसते. ती कर्ज वसूल करायला तारण विकते. २००२ च्या सरफेसी कायद्याने तिला कोर्टात न जाता हे करता येते. आधी कर्जदाराला साठ दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, हे ५ मे २०२० च्या निकालाने पक्के झाले, आणि तो खटलाही महाराष्ट्रातल्याच मुरगूडच्या सहकारी बँकेचा होता. पतसंस्थांची वसुली मात्र सहकार कायद्यानुसार, वसुली दाखला आणि विशेष वसुली अधिकाऱ्यामार्फत होते. नोटीस वाचताना घर नेमके कोणत्या वाटेने विकले जात आहे, ते पहिल्यांदा पाहावे.

दुसरे, ताबा ‘प्रतीकात्मक’ लिहिला आहे की ‘प्रत्यक्ष’. प्रतीकात्मक म्हणजे दारावर नोटीस चिकटवली आहे, आत कुटुंब राहते आहे. त्यांना बाहेर काढायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि कर्जदार ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. तिसरे, पैसे. बोली लागली की २५ टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, उरलेले पंधरा दिवसांत. लेखी संमतीने जास्तीत जास्त तीन महिने. कर्ज मंजूर झाले नाही म्हणून उरलेले भरता आले नाहीत, तर ती पाव रक्कम जप्त होते. अशी जप्ती २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली आहे. चौथे, थकबाकी. मालमत्ता कराचा बोजा घरावरच असतो. विजेच्या थकबाकीचा वाद देशभर होता. १९ मे २०२३ ला तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला की नियमात तरतूद असेल तर जुन्या मालकाची थकबाकी नव्याकडून मागता येते, आणि ‘जसे आहे तसे’ विकत घेणाऱ्याने ती चौकशी आधी करायला हवी. महाराष्ट्रात वारसाखेरीज इतर नव्या मालकावर सहा महिन्यांच्या थकबाकीची मर्यादा आहे, एवढा दिलासा. बोलीच्या आधी महावितरणच्या उपविभागात ग्राहक क्रमांक देऊन आकडा घ्यावा, महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून कराचा घ्यावा, आणि दोन्ही मिळवून मगच आपली बोली ठरवावी. आणि त्या घरी एकदा जाऊन यावे. आत राहणाऱ्या माणसांशी नीट बोलावे. त्यांचे घर जात आहे, हे लक्षात ठेवून बोलावे. कित्येकदा घराची खरी स्थिती बँकेपेक्षा तेच सांगतात.

एवढे सगळे घेणाऱ्यासाठी झाले. एक विनंती विकणाऱ्यालाही आहे. पुण्यात, हैदराबादेत स्थिरावलेल्या आणि नांदेड-लातूरचे आई-वडिलांचे घर विकायला काढलेल्या प्रत्येकाने सौद्याला बसण्याआधी एक कागद घ्यावा. कोणत्या खोलीत पावसाळ्यात ओल येते, न्हाणीमागची भेग कोणत्या वर्षीची, आड कुठे बुजवला, २०१६ ला बोअर किती दिवस आटले होते, शेजाऱ्याशी भिंतीचा वाद कधी मिटला, कोणत्या आत्याची सही घ्यायची राहिली आहे, हे सगळे त्यावर लिहावे, खाली तारीख घालून सही करावी आणि त्याची एक प्रत घेणाऱ्याच्या हाती द्यावी. कलम ५५ ला अपेक्षित आहे ते एवढेच, आणि त्याला स्टॅम्प ड्यूटी लागत नाही.